६ टक्क्यांचं डॉलरकर्ज स्वस्त कशावरून?

भोसरीत माझ्या एका मित्राचं वर्कशॉप आहे. परवा त्याने टेबलावरची लेथची कटिंग्ज हाताने बाजूला सारून दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एकावर रुपयातलं कर्ज, वर्षाला १० टक्के. दुसऱ्यावर त्याच बँकेचं डॉलरमधलं कर्ज, ६ टक्के. "आता यात विचार काय करायचा?" चहा येईपर्यंत त्याने मोबाईलवर हिशेबही करून टाकला होता. ९ कोटींवर वर्षाला ३६ लाखांची बचत.

मी विचारलं, तुझा माल जातो कुठे?

"चाकणला."

सगळा?

"सगळा. का रे?"

डिसेंबर २०२५मध्ये डॉलर पहिल्यांदाच ९० रुपयांच्या वर गेला, तेव्हापासून असे प्रश्न जास्त कानावर येतात. टीव्हीवर हेजिंग, ईसीबी, एफसीसीबी असे शब्द येतात आणि ऐकणारा चॅनल बदलतो. या सगळ्याला मिळून आंतरराष्ट्रीय कॉर्पोरेट फायनान्स असं भारदस्त नाव आहे. आतला विषय मात्र गावातल्या कुठल्याही ऊसवाल्याला पाच मिनिटांत कळेल असा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उसाचं बिल आणि सोसायटीची तारीख

ऊस कारखान्याला गेलाय, वजनाच्या पावत्या खिशात आहेत, पण बिल अजून जमा झालेलं नाही. इकडे सोसायटीच्या पीककर्जाची तारीख उद्यावर आलीय. हा माणूस गरीब आहे का? अजिबात नाही. त्याचं येणं देण्यापेक्षा जास्त आहे. फक्त येण्याची वेळ आणि देण्याची वेळ जुळत नाही. तेवढ्यावरून तो थकबाकीदार होतो.

कंपनीचंही असंच असतं. देशातल्या देशात धंदा असेल तर जुळवायची ती मुख्यतः वेळ. धंदा देशाबाहेर गेला की आणखी दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. एक म्हणजे चलन, कमाई कशात आणि देणं कशात. दुसरी ठिकाण, कारण पैसा आहे, पण तो जर्मनीतल्या खात्यात आहे आणि देणं पुण्यात आहे. पाठ्यपुस्तकांतली जाडजूड प्रकरणं बहुतेक या तीन जुळण्यांभोवतीच फिरतात.

६ आणि १० मधले ४ टक्के जातात कुठे?

मित्राचा हिशेब पुढे नेऊ. डॉलर ९० रुपयांना धरला तर ९ कोटी म्हणजे १० लाख डॉलर. रुपयातलं कर्ज घेतलं तर वर्षाने ९ कोटी ९० लाख द्यायचे. डॉलरचं घेतलं तर १० लाख ६० हजार डॉलर. हे डॉलर तो आणणार कुठून? चाकणहून येणारे रुपये देऊन विकत घेणार. डॉलर ९० वरच राहिला तर तो जिंकला. ९३ रुपये ४० पैशांना पोचला तर दोन्ही कर्जं सारखी. आणि ९६ झाला तर त्याच '६ टक्के' कर्जाचा खरा दर १३ टक्क्यांवर जातो.

९० चे ९३.४० म्हणजे पावणेचार टक्के. वर्षभरात डॉलर इतका हलतो का? २०२५च्या सुरुवातीला तो साडेपंच्याऐंशीच्या आसपास होता आणि वर्ष संपताना नव्वदीच्या घरात. २०१३मध्ये तर मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत तो ५५ च्या आसपासवरून ६८ च्या पुढे गेला होता.

"मग आजच भाव बांधून घेतो," मित्र म्हणाला. हे करता येतं. पुढच्या तारखेचा डॉलर आजच ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा द्यायचा, या कराराला फॉरवर्ड म्हणतात. निर्यात-आयातवाले याला 'कव्हर घेणं' म्हणतात आणि न घेता बसण्याला 'ओपन ठेवणं'. भाव आजच्यापेक्षा जितका चढा, तो प्रीमियम.

हा प्रीमियम ठरतो कसा, यात बहुतेकांचा घोटाळा होतो. लोकांना वाटतं, बँकेने वर्षभराने डॉलर कुठे असेल याचा अंदाज बांधलाय. अंदाजाचा इथे काही संबंध नाही. तासगावच्या व्यापाऱ्याला सांगून बघा की दिवाळीत द्यायचा बेदाणा आजच भाव ठरवून दे. तो आज माल घेईल, कोल्ड स्टोरेजला ठेवेल, भाडं लावेल, अडकलेल्या पैशाचं व्याज लावेल आणि भाव सांगेल. दिवाळीत बेदाणा महागेल की पडेल याच्या भानगडीत तो पडणार नाही. बँकही तेच करते. वर्षाने तुम्हाला डॉलर द्यायचे म्हणून ती जणू आजच महाग व्याजाचे रुपये मोजून डॉलर घेते आणि ते कमी व्याजावर ठेवते. मधल्या व्याजाचं नुकसान प्रीमियम म्हणून तुमच्याकडून वसूल होतं. म्हणजे दोन देशांच्या व्याजदरातला फरक हाच या साठवणीचा खर्च. पुस्तकात याला व्याजदर समता म्हणतात. एवढं कळलं की हे नाव विसरलात तरी चालेल.

समजा वर्षाचा फॉरवर्ड ९२.५० ला मिळाला. १० लाख ६० हजार डॉलर म्हणजे साधारण ९ कोटी ८० लाख रुपये. कर्जाचा दर झाला जवळपास ९ टक्के. ३६ लाखांतले साडेनऊ लाख उरले, त्यातून बँकेचे चार्जेस आणि कागदपत्रांचा खर्च वजा करायचा. काही वेळा हाती काहीच उरत नाही. आणि कव्हर न घेताच कर्ज काढायचं म्हटलं तरी ते बँकेलाही महाग पडतं, कारण परकीय चलनातलं कर्ज ओपन ठेवणाऱ्या कर्जदारांसाठी जादा तरतूद करा, म्हणजे जास्त पैसे बाजूला ठेवा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४पासूनचा दंडक आहे.

पण रुपया पडला की निर्यातदाराची चांदीच ना?

मित्राच्या शेजारच्या गाळ्यातला माणूस अमेरिकेला भाग पाठवतो. त्याला पैसे डॉलरमध्ये मिळतात. त्याने डॉलरमध्ये कर्ज घेतलं तर येणाऱ्या डॉलरमधूनच हप्ता जातो, रुपया वर गेला काय किंवा खाली गेला काय. त्याला कव्हर विकत घ्यावंच लागत नाही, धंद्यातच ते मिळालेलं असतं. तेव्हा तोच कागद एका गाळ्यात धोक्याचा आणि भिंतीपलीकडे शहाणपणाचा.

चांदीचं म्हणाल तर थोडं थांबा. जो कच्चा माल आयात करतो त्याची खरेदीही महागते. परदेशी गिऱ्हाईक पेपर वाचतं आणि पुढच्या ऑर्डरला "तुमचा रुपया घसरलाय, आमचं काय?" असं हमखास विचारतं. शिवाय आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या देशाचं चलन आपल्यापेक्षा जास्त पडलं असेल तर चांदी त्याची.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांकडे बघा. कंटेनर रॉटरडॅमला निघतो तेव्हा पैसे हातात नसतात. माल पोचणार, तपासला जाणार, विकला जाणार, मग हिशेब. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवासाचे दिवस वाढले. द्राक्षं जास्त दिवस डब्यात राहिली हे तर दिसलंच, पण तितकेच जास्त दिवस पैसाही युरोत लोंबकळत राहिला. दरम्यान औषध दुकानदाराची उधारी, मजुरी, पॅकहाऊसचं बिल हे सगळं रुपयात आणि वेळेवर.

मग सगळंच कव्हर करून मोकळं का होऊ नये?

कारण कव्हरसुद्धा बाधतं. २००७ साली उलटंच घडत होतं. रुपया मजबूत होत होता. वर्षाच्या सुरुवातीला ४४ च्या वर असलेला डॉलर वर्ष संपताना ४० च्या खाली आला. निर्यातदारांचा नफा डोळ्यांदेखत वितळायला लागला. तेव्हा काही बँकांनी त्यांना साध्या फॉरवर्डऐवजी गुंतागुंतीचे करार विकले. आज चांगला भाव मिळेल, पण स्विस फ्रँक किंवा येन अमुक पातळीला गेला तर तुम्ही आम्हाला भरपाई द्यायची. आता तिरुपूरचा बनियन शिवणारा कारखानदार, त्याचा स्विस फ्रँकशी काय संबंध? फ्रँक त्या पातळीला गेला आणि भरपाईची बिलं आली. प्रकरणं कोर्टात गेली. निर्यातदार म्हणाले, आम्हाला समजावलं नाही. बँका म्हणाल्या, सही तुमची आहे.

दोन्ही बाजू थोड्या खऱ्या, असं मला वाटतं. पण कसोटी सोपी होती. दोन एकर द्राक्ष असलेल्याने दोन एकराचा विमा काढला तर तो विमा. दहा एकराचा काढला, तोही शेजारच्याच्या डाळिंबाचा, तर ती पैज झाली.

साधा फॉरवर्डही अडचणीत आणतो, ऑर्डर रद्द झाली की. डॉलर येणारच नाहीत, पण बँकेला द्यायचं वचन कागदावर आहे. मग करार मोडायचा आणि फरक भरायचा. अनुभवी निर्यातदार म्हणूनच पक्क्या ऑर्डरपुरतं बरंचसं कव्हर घेतात आणि अंदाजाच्या ऑर्डरपुरतं थोडं.

'एवढ्या मोठ्या कंपनीला काय धाड भरणार?'

साताऱ्याहून पाटणकडे जाताना वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. धुळ्याच्या साक्री भागातही. त्यांतल्या पुष्कळशा सुझलॉनच्या. पुण्यातली कंपनी. तुलसी तांती यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेचं बिल परवडेना म्हणून पवनचक्कीकडे वळले आणि १९९५ मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. दहा वर्षांनी ती शेअर बाजारात आली आणि मग तिने युरोपकडे मोर्चा वळवला. २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन ४६ कोटी युरोंहून अधिक मोजून घेतली. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ करून पवनचक्क्या बनवणाऱ्या जर्मनीच्या आरईपॉवरवर ताबा मिळवला.

पैसा उभा करायच्या वाटांपैकी एक होती एफसीसीबी. म्हणजे परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे. हे रोखे म्हणजे कंपनीने डॉलरमध्ये घेतलेलं कर्जच, फक्त देणाऱ्याला एक मुभा असते. शेअर ठरलेल्या भावाच्या वर गेला तर त्याने पैशांऐवजी शेअर घ्यायचे. नाही गेला तर मुदतीला डॉलर परत मागायचे. या मुभेच्या बदल्यात तो व्याज सोडतो. सुझलॉनने २००७ मध्ये दोन टप्प्यांत ५० कोटी डॉलरचे असे रोखे विकले. वर्षागणिक व्याज शून्य, शेवटी मुद्दल आणि त्यावर ठरलेली जादा रक्कम.

शून्य टक्के! भोसरीच्या मित्राला ६ टक्क्यांचा मोह पडला, तर शून्याचा कुणाला पडणार नाही? शेअर तेव्हा असा चढत होता की डॉलर परत द्यायची वेळच येणार नाही, सगळे शेअर घेतील, हेच सगळ्यांनी धरून चाललं होतं. शेअर विभाजनानंतरच्या हिशेबाने रूपांतराचा भाव, म्हणजे ज्या ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचे तो, साडेतीनशेच्या वर होता.

मग २००८ आलं. जगभर पवनचक्क्यांच्या ऑर्डरी आटल्या. अमेरिकेत पाठवलेल्या काही पात्यांना तडे गेल्याने दुरुस्तीचा खर्च अंगावर आला. शेअर कोसळला. पुढे काही रोख्यांचा रूपांतराचा भाव खाली आणला, तरी शेअर त्याच्या आसपास फिरकला नाही. २०१२च्या ऑक्टोबरात शेवटचा मोठा हप्ता आला तेव्हा तो वीस रुपयांच्याही खाली होता. साहजिकच शेअर कुणी घेईना. सगळ्यांना डॉलर हवे होते.

आणि डॉलर? रोखे विकले तेव्हा ४० रुपयांच्या आसपास, फेडायच्या वेळी ५३ च्या आसपास. ती जादा रक्कम बाजूला ठेवा, नुसतं मुद्दलच रुपयात तिसऱ्या हिश्श्याने फुगलं होतं. हे शून्य टक्क्यांचं कर्ज.

वेळ जुळली नाही, चलन जुळलं नाही. तिसरी न जुळणारी गोष्ट मला सर्वात बोलकी वाटते. जर्मनीतली आरईपॉवर चांगली चालली होती आणि तिच्याकडे रोकड होती. मग आईने लेकीकडून पैसे का घेतले नाहीत? कारण जर्मन कायद्यात, कंपनीत इतर छोटे भागधारक असेपर्यंत, मोठ्या मालकालाही तिची तिजोरी हवी तशी उघडता येत नाही. कर्ज देणाऱ्या बँकांचीही बंधनं असतात. म्हणजे ताळेबंद एकत्र करून बघितला तर पैसा दिसतोय, पण पुण्यातलं देणं भागवायला तो हाती येत नाही. मुलगा फ्रँकफर्टला छान कमावतो म्हणून गावच्या घराचा हप्ता आपोआप भरला जात नाही, तसं.

रोखेधारकांनी मुदतवाढ नाकारली. २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम थकली. एफसीसीबीत भारतीय कंपनीने तोवर केलेली ती सर्वात मोठी थकबाकी. पुढे बँकांनी कर्जाची फेररचना केली आणि २०१५ मध्ये ज्या जर्मन कंपनीसाठी एवढा खटाटोप केला ती १०० कोटी युरोंना विकावी लागली. सुझलॉन त्यातूनही तगली. पवनचक्क्या फिरत होत्या, वारा होता, इंजिनिअर चांगले होते. कंपनी अडली ती पैशाच्या जुळणीत.

कर्ज तिकडचं, कमाई तिकडची, मग प्रश्न मिटला?

टाटा स्टीलने २००७ मध्ये ब्रिटनची पोलाद कंपनी कोरस घेतली. चढाओढीत ब्राझीलच्या सीएसएनने शेअरमागे ६०३ पेन्स लावले, टाटांनी ६०८. व्यवहाराच्या कर्जाचा बराच भाग तिकडेच, कोरसच्या कमाईच्या भरवशावर उभा केला होता. पाउंडाचं देणं पाउंडातून. शिवाय तिकडे काही बिनसलं तर जमशेदपूरच्या कारखान्यापर्यंत धग कमी पोचावी, अशी भिंतही मध्ये होती. चलनाच्या दृष्टीने ही मांडणी चोख होती. पण वर्ष-दीड वर्षातच मंदीत पोलादाची मागणी कोसळली आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधला धंदा विकायला काढण्याची वेळ आली. चलन जुळलं तर चलनाचा धोका जातो. महागात घेतलेला धंदा त्याने स्वस्त होत नाही.

टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतली, २३० कोटी डॉलरला. त्यासाठी ३०० कोटी डॉलरचं थोड्या मुदतीचं 'ब्रिज' कर्ज काढलं, म्हणजे कायमची सोय होईपर्यंतचा हातउसना. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली आणि जगात कायमची सोय करून द्यायला कुणी उरलं नाही. इथे न जुळलेली गोष्ट होती वेळ. कंपनीने धावपळ करून ते निभावलं, आणि पुढे तीच जॅग्वार लँड रोव्हर कित्येक वर्षं टाटा मोटर्सच्या नफ्याचा मोठा आधार झाली.

जाता जाता एक. याच टाटा मोटर्सने ऑक्टोबर-डिसेंबर २०१८ या तिमाहीत २६,९६१ कोटींचा तोटा दाखवला तेव्हा अनेकांना वाटलं कंपनीच्या गल्ल्यातून एवढे पैसे गेले. त्यातला बहुतेक भाग जॅग्वार लँड रोव्हरची वह्यांमधली किंमत ३१० कोटी पाउंडांनी कमी केल्याचा होता. जमिनीचा भाव पडला म्हणून सातबाऱ्यावरची जमीन कमी होत नाही. तोटा खोटा नव्हता, पण त्या तिमाहीत ते पैसे कुणाला दिलेही नव्हते. परदेशात कंपनी असलेल्यांचे निकाल वाचताना हा फरक बघत जा.

आमच्या घरात कुठला आलाय डॉलर?

मुलगी अमेरिकेत एमएस करतेय का? तिची फी डॉलरमध्ये आणि तुमचा पगार रुपयात. म्हणजे दर सेमिस्टरला तुम्ही न कव्हर घेतलेले आयातदार आहात. गंमत पुढे आहे. शैक्षणिक कर्ज रुपयात घेतलं असेल आणि तिला तिकडे नोकरी लागली, तर डॉलरमध्ये कमावून ती रुपयाचं कर्ज फेडते. आता रुपया पडला की तिचा हप्ता हलका होतो. तेच कर्ज, पण फी भरताना बोचणारा डॉलर फेडताना मदतीला येतो. ती शिकून परत पुण्याला आली तर मात्र हा फायदा विसरा, फीच्या वेळचा फटका तेवढा तुमच्या खात्यावर राहतो.

भोसरीच्या मित्राला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की बँकेला फोन कर आणि म्हण, वर्षाचा फॉरवर्ड लावून, सगळे चार्जेस धरून रुपयात किती पडेल ते सांगा. त्याने तिथेच स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या मुलाने दोनदा होल्डवर ठेवलं, कुणाला तरी विचारलं आणि आकडा दिला. मित्राने कागदावरच्या ६ वर काट मारून बाजूला पेनने ९.३ लिहिलं. मग गाळ्याच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ह्याला सहाच पडतात?"